काळ्या बॉनेटला लाल दोरा

नदीकाठच्या एका गावात भूपाल नावाचा एक माणूस राहत होता, आणि त्याला बसता येत नव्हतं. पाय चांगले धड होते, पाठीलाही काही झालेलं नव्हतं. पण बसला की पाच मिनिटांत त्याला वाटायचं, आपण इथं बसलोय आणि तिकडं काहीतरी राहतंय. भाकरीचा शेवटचा तुकडा तो उभ्यानंच खायचा. देवळात गेला तर दुसरी चप्पल पायातून निघायच्या आधीच त्याचा नमस्कार झालेला असायचा. त्याची बायको कुसुमा म्हणायची, "अन्न पोटात पोचेपर्यंत तरी बसा. त्याला वाट सापडायची नाही."

माणूस वाईट नव्हता. हाताला गुण होता. फक्त हात पुढं धावायचे आणि डोकं मागून यायचं.

गाव मागांचं होतं. दिवस उजाडला की जो खडखडाट सुरू व्हायचा, तो अंधार पडला तरी थांबायचा नाही. त्यामुळं त्या गावची माणसं घरातही जरा मोठ्यानंच बोलायची. कुसुमा एका शेडवर कापड तपासायची. भूपाल मात्र कधी मागावर गेला नाही. मागावर एका जागी उभं राहावं लागतं. तो फायबरची कामं करायचा. पाण्याच्या टाक्या, रिक्षाचे टप, दुकानांच्या पाट्या. एकदा त्यानं गावच्या बागेसाठी फायबरचा हत्ती केला होता. पोरं रोज लोंबकळतात, तरी त्याची सोंड अजून शाबूत आहे.

ते काम सोपं नव्हतं, पण त्याला सरावाचं होतं. काचेच्या धाग्यांची चटई साच्यात अंथरायची. वरून रेझिन लावायचं. रेझिनमध्ये आधी हार्डनरचे थेंब टाकायचे, की ते गरम होऊन घट्ट होतं. थंडी असली तर थेंब जास्त. घाई असली तर आणखी जास्त. हा अंदाज भूपालच्या हातात इतका भिनला होता की तो कधी मोजत नसे. बाटली वाकडी करायची, मनात एक-दोन-तीन म्हणायचं, झालं. "सकाळी सांगा, सांजच्याला न्या," असं तो म्हणायचा, आणि खरंच तसं द्यायचा.

त्याचा एक जुना मित्र होता, मेहबूब मिस्त्री. त्याचं गावाबाहेर गॅरेज होतं. एकदा मेहबूबनं एका महागड्या गाडीच्या आरशाचं फुटलेलं झाकण त्याच्या हातात दिलं. काळं कुळकुळीत. आत बारीक विणकाम, वर काचेसारखी चमक.

"हे बघ. वजन बघ."

भूपालनं हातावर तोललं. पिंपळाच्या पानाएवढं वाटलं.

"वाकवून बघ."

भूपालनं जोर लावला. ते वाकलं नाही.

"कार्बन फायबर म्हणतात ह्याला," मेहबूब म्हणाला. "लोखंडापेक्षा हलकं, आणि ताकदीला कमी नाही."

तो तुकडा भूपालच्या खिशात गेला आणि तिथंच राहिला. चार दिवस तो चालता चालता त्यावरून अंगठा फिरवत होता. पाचव्या दिवशी त्यानं ठरवलं की हे आपण घरी करायचं.

मोबाइलवर बघून त्यानं बरंच शिकून घेतलं. बघितलं तेही येरझाऱ्या घालतच. काळं कापड आणि नवं रेझिन त्यानं शहरातल्या एका दुकानातून मागवलं. दुकानदार वयस्क होता, सावकाश बोलणारा. त्यानं फोनवर बजावलं, "हे तुमच्या जुन्या रेझिनसारखं नाही बरं का. शंभराला तीस हार्डनर, तेही वजन करून. जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही. उलट कायमचं कच्चं राहतं. मोजा, कालवा, लावा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडं बघू नका."

"बघू नको? ते का?"

"बघितल्यानं ते वाळत नाही म्हणून."

घराच्या मागं एक खोली होती. उन्हाळ्यात कुसुमा तिथं पापडांची खाट ठेवायची. ती खोली भूपालनं घेतली. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून त्यानं हवा ओढायचा पंप बनवला. साच्यात कापड आणि रेझिन लावून झालं की सगळ्याला प्लॅस्टिकची पिशवी चिकटवायची आणि पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. पिशवी चारी बाजूंनी कापडाला दाबून धरते, आणि जास्तीचं रेझिन बाहेर येतं.

कुसुमानं पहिल्यांदा ते काळं कापड हातात घेतलं तेव्हा ती हसली. "हे तर आपलं ट्विल. दोन वर, दोन खाली. रंग तेवढा निराळा." पुढं पिशवीतून कुठंतरी हवा गळायला लागली आणि भूपाल तिच्याभोवती गोल गोल फिरायला लागला, तेव्हाही तीच आली. शेडवरच्या साठ मागांतला एक बंद पडला तरी तिला कळायचं. तिनं कान लावला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं."

पहिलं झाकण साच्याला चिकटून बसलं, कारण साच्याला सहा हात मेण लावायचं होतं आणि भूपालनं दोनच लावले होते. प्रत्येक हात वाळायला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढाच तर त्याच्यापाशी नव्हता. मग कुसुमानं एक युक्ती काढली. मेणाचा एक हात झाला की ती म्हणायची, "जा, दळण टाकून या." दुसरा झाला की, "जा, दळण घेऊन या." तिसऱ्याला रॉकेलची बाटली देऊन तिच्या आईकडं, चौथ्याला तिथून परत. सहा हात मेण म्हणजे सहा कामं. साचा चांगला व्हायला लागला, आणि घरातलं एकही काम मागं राहिना. शेजारणी म्हणायच्या, "कुसुमाताई, आमच्या ह्यांनाही लावा की तो धंदा."

आरशांची झाकणं झाली. मग मागच्या काचेवरची पट्टी झाली. बघणारे बघत राहायचे.

मग एका सोमवारी मेहबूब आला. सोबत त्याची मुलगी होती, नाझनीन. ही नाझनीन गाडी चालवायची, म्हणजे शर्यतीत चालवायची. जवळच्या घाटात वर्षातून एकदा रस्ता बंद करून शर्यत होते. एकावेळी एकच गाडी खालून वर जाते आणि वेळ मोजतात. नाझनीनची गाडी जुनी होती, बापानं भंगारातून उभी केलेली.

"काका, गाडीचं नाक जड आहे," ती म्हणाली. "वळणावर आत वळायलाच मागत नाही. लोखंडी बॉनेट काढून कार्बनचं बसवलं तर फरक पडेल."

"ह्या रविवारी शर्यत आहे," मेहबूब म्हणाला. "शहरातल्या एका टीमचा माणूस येणार आहे. एकच चालक निवडणार आहेत. पोरीला एवढी एकच संधी आहे बघ, भूपा. सहा दिवस आहेत."

"सहा कशाला?" भूपाल म्हणाला. "पाच पुरे."

"घाई करू नकोस."

"मी कधी केली घाई?"

यावर तिघंही हसले, आणि आतून कुसुमाच्या हसण्याचाही आवाज आला.

लोखंडी बॉनेट त्यांनी भूपालकडं ठेवलं. त्यावरून त्यानं दोन दिवसांत साचा काढला. बुधवारी कुसुमाला सुट्टी होती. सहा हात मेण लागलं, सहा कामं झाली. गुरुवारी सकाळी ती शेडवर निघाली तेव्हा बाहेर नदीवरून धुकं आलं होतं आणि हवेत चांगलाच गारठा होता. जाता जाता ती म्हणाली, "मोजून घाला."

"घालतो गं."

बॉनेट मोठं होतं. चार भांडी रेझिन लागणार होतं. पहिलं भांडं त्यानं काट्यावर मोजलं. दुसरं मोजलं. तिसरंही मोजलं. गारठ्यामुळं रेझिन मधासारखं घट्ट झालेलं, कापडात मुरायला वेळ घेत होतं. भूपालचे पाय हलायला लागले. आता फक्त पुढचा डावा कोपरा राहिला होता. तेवढा झाला की पिशवी, पिशवी झाली की पंप, पंप लागला की मोकळं. चौथं भांडं त्यानं काट्यावर ठेवलं. काट्याला रेझिन लागून तो चिकट झाला होता आणि त्यावरचे आकडे एका जागी थांबेनात. अठ्ठावीस, एकतीस, एकोणतीस. काटा पुसायला हवा होता. पुसायला आधी हातमोजे काढायला हवे होते.

भूपालनं बाटली वाकडी केली. एक, दोन, तीन. आणि थंडी आहे म्हणून आणखी एक.

मनानं ठरवलं असं म्हणता येणार नाही. हाताची सवय होती. पण बाटली सरळ करताना मनाला कळलं, आणि मन गप्प बसलं.

शुक्रवारी सकाळी पिशवी सोडवली. बॉनेट साच्यातून असं सुटलं की जणू वाटच बघत होतं. काळंभोर, आरशासारखं, आणि विणकाम या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. भूपालला वाटलं, आयुष्यात एवढं देखणं आपल्या हातून काही झालं नाही. त्यानं कडेकडेनं नख दाबून बघितलं. सगळीकडं दगड. मग पुढच्या डाव्या कोपऱ्यावर नख दाबलं. तिथं खूण उठली, आणि ती तशीच राहिली.

त्यानं बॉनेट उन्हात ठेवलं. अर्ध्या तासानं दाबलं, खूण उठली. शेजारी दिवा लावून ठेवला. दाबलं, उठली. अंगणातून खोलीत आणि खोलीतून अंगणात त्यानं त्या दिवशी किती फेऱ्या मारल्या असतील कोण जाणे. पापड उन्हात कडक होतो तसं हे होईल, अशी त्याला आशा होती. पण पापडातलं पाणी जायचं असतं. इथं जायचं काहीच नव्हतं. जे चुकीचं मिसळलं होतं ते आता आतच राहणार होतं.

नवीन करायचं तर पुन्हा मेणापासून तीन दिवस हवेत, आणि तेवढे दिवस नव्हते.

दुपारी त्यानं बॉनेटवर पारदर्शक लॅकर मारलं. गाड्यांच्या रंगावर शेवटी मारतात तेच. ते वाळून कडक झालं. आता कोपऱ्यावर नख दाबलं तर खूण उठत नव्हती. दोष होता तिथंच होता. त्याच्यावर फक्त काच आली होती.

संध्याकाळी कुसुमा आली. पदर खोचून तिनं दोन्ही तळहात बॉनेटवरून फिरवले, शेडवर कापडावरून फिरवते तसे.

"कुठं वाकडं नाही, कुठं सुरकुती नाही. माझ्या टेबलावर आलं असतं तर दोरा लागला नसता."

भूपाल जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच उठला.

हा दोरा काय, ते सांगायला हवं. त्या गावची रीत होती. कापड तपासताना कुठं धागा तुटलेला दिसला, तेलाचा डाग दिसला, विणीत भोक दिसलं, की त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा. कापड टाकून द्यायचं असा त्याचा अर्थ नव्हे. घेणाऱ्याला कळावं, इथं जपून, एवढाच. कुसुमाच्या घरी खिळ्याला लाल दोऱ्यांचा एक झुबका कायम टांगलेला असायचा.

शनिवारी सकाळी मेहबूब बॉनेट न्यायला आला. त्यानं ते उचललं. नुसता एका हातावर धरून उभा राहिला.

"भूपा, हे तू केलंस?"

"हं."

"ह्या खोलीत? पापडाच्या?"

"हं."

"उद्या त्या टीमवाल्याला दाखवतो. तुझं नाव सांगतो. बघ मग, टाक्या करायला तुला वेळ मिळतोय का."

गॅरेजमध्ये बॉनेट गाडीवर चढवलं. ते जागेवर धरून ठेवायला चारी कोपऱ्यांना पिना बसवायच्या होत्या, त्यासाठी भोकं पाडायची होती. मेहबूबनं ड्रिल लावलं. मागचे दोन्ही कोपरे झाले, काळा भुगा भुरभुर पडला. पुढचा उजवा झाला. मग पुढचा डावा. ड्रिल फिरलं, आणि भुग्याच्या जागी चिकट काळी वळी बाहेर आली.

मेहबूबनं ती बोटांत धरली. "इथं चिकट येतंय रे."

"लॅकर ओलं असेल," भूपाल म्हणाला.

मेहबूबनं मान हलवली आणि पीन बसवली. मित्रच सांगतोय म्हटल्यावर तो कशाला शंका घेईल?

शेजारी एक जुना टायर पडला होता. भूपाल त्यावर बसला.

"आज बसला की हा," मेहबूब म्हणाला. "नाझ, बघ गं, तुझा भूपालकाका बसलाय. तारीख लिहून ठेव."

नाझनीन हसली. हातातल्या फडक्यानं ती बॉनेट पुसत होती, पुढचा डावा कोपराही. भूपाल लगेच उठला. त्या दिवशी तो गावभर चालला. नदीवर गेला, परत आला, बाजारात गेला, काही न घेता परत आला. ओळखीच्या माणसानं हाक मारली तरी थांबला नाही. आणि शेवटी पाय त्याला कुसुमाच्या शेडवर घेऊन गेले.

ती टेबलाशी उभी होती. टेबलाच्या काचेखालच्या दिव्यावरून कापड सरकत होतं. एक विणकर तिच्यापुढं हात जोडून उभा होता.

"वहिनी, एवढा एक दोरा सोडा. केवढंसं ते भोक, कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलं की."

"तुम्ही दोरा बांधला की माझं नाव जातंय."

"दोरा मी बांधते. भोक तू पाडलंस," कुसुमा म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं गाठ मारली. विणकर पुटपुटत निघून गेला.

भूपालनं विचारलं, "आणि नसता बांधला तर?"

"तर कुणीतरी त्याच जागेवर सदरा बेतला असता. चार दिवसांनी तो पाठीवर फाटला असता."

"त्याला काय कळणार आहे, कापड कुणी तपासलं ते."

"नाहीच कळणार," कुसुमा म्हणाली. "म्हणून तर बांधायचा. तो माणूस मला शोधत यायचा नाही." तिनं वर बघितलं. "काय झालंय तुम्हाला? दोन दिवस बघतेय."

"काही नाही," भूपाल म्हणाला. पण या वेळी ते त्याच्या तोंडातून नीट निघालं नाही, आणि कुसुमानं ते ऐकलं. साठ मागांतला बंद पडलेला एक ऐकू येणारी बाई ती. तिनं टेबलावरून सरकणारं कापड थांबवून ठेवलं, तो दारातून बाहेर जाईपर्यंत.

रविवारी पहाटेच त्यानं एक टेम्पो बोलावला. मागच्या खोलीतलं लोखंडी बॉनेट एकट्यानं उचलून त्यात ठेवलं. निघताना खिळ्यावरच्या झुबक्यातला एक लाल दोरा ओढून खिशात टाकला. टेम्पोवाला म्हणाला, "बसा की पुढं." भूपाल मागं लोखंडी बॉनेटला धरून उभा राहिला, पार घाटापर्यंत.

घाटाखाली गाड्या रांगेत उभ्या होत्या. लोक जमले होते. नाझनीनच्या गाडीचं काळं बॉनेट कोवळ्या उन्हात इतकं चमकत होतं की शेजारच्या गाड्यांचे लोकही येऊन बघत होते. टोपी घातलेला एक माणूस हातात वही घेऊन फिरत होता. तो त्या टीमचा. मेहबूब त्याच्याशी हसून बोलत होता.

मेहबूबनं टेम्पो बघितला. "हे लोखंड कशाला आणलंस? भंगारात घालायला निघालास का?"

भूपाल काळ्या बॉनेटपाशी गेला, वाकला, आणि पुढच्या डाव्या पिनेला त्यानं लाल दोरा बांधला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

त्या गावच्या माणसाला लाल दोऱ्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मेहबूबच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हा कोपरा कच्चा आहे," भूपाल म्हणाला. "शेवटच्या भांड्याला मी हार्डनर मोजला नाही. अंदाजानं घातला."

"मी काल विचारलं होतं तुला."

"होय."

"तू लॅकर म्हणालास."

"खोटं बोललो."

मेहबूब हळू आवाजात म्हणाला, "आत माझी पोरगी बसणार होती, भूपा."

भूपालनं लोखंडी बॉनेट टेम्पोतून उतरवून गाडीशेजारी ठेवलं.

नाझनीन हेल्मेट काखेत धरून हे ऐकत होती. ती पुढं आली. तिनं डावी पीन मुठीत धरली आणि जोरात वर ओढली. मोडल्याचा कट्ट असा आवाज आला नाही. सादळलेला पापड फाटतो तसा तो कोपरा हळूहळू फाटत आला, आणि पीन, लाल दोरा आणि काळा तुकडा तिन्ही तिच्या हातात आले. वरचं लॅकर तेवढं तडकलं.

ती म्हणाली, "तिसऱ्या वळणावर वारा समोरून येतो. त्यानं बॉनेट उचललं असतं तर काचेवर आलं असतं." मग बापाकडं वळली. "अब्बा, लोखंडी चढवूया. पंधरा मिनिटं आहेत."

तिघांनी मिळून लोखंडी बॉनेट चढवलं. वहीवाला माणूस जवळ आला. "काय झालं? चांगलं दिसत होतं की ते."

मेहबूबनं तोंड उघडलं होतं, पण भूपाल आधी बोलला. "दिसत होतं, साहेब. मी केलं होतं. कच्चं केलं होतं."

त्या माणसानं मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गाडीकडं गेला.

नाझनीनचा नंबर आला. गाडी सुटली. पहिल्या वळणाला ती दिसली, दुसऱ्याला अर्धवट दिसली, मग डोंगराआड नुसता आवाज राहिला. भूपाल या टोकाकडून त्या टोकाकडं चालत होता. तिसऱ्या वळणाचा आवाज आला. इंजिन जरा अडखळलं, नाक जड होतं ना, आणि मग पुन्हा चढाला लागलं. शेवटी वरून कुणीतरी कर्ण्यावर वेळ सांगितली.

ती सातवी आली. टीमवाल्यानं दुसराच मुलगा निवडला.

दुपारी गाड्या खाली आल्या. मेहबूब भूपालशी बोलला नाही. सामान बांधत राहिला. नाझनीन मात्र टेम्पोपाशी आली.

"सातवी आले, काका."

"माझ्यामुळं."

"हो, तुमच्यामुळं," ती म्हणाली. तिनं ते गोड करून सांगितलं नाही. "पण वर पोचले." आणि तो फाटलेला कोपरा, लाल दोऱ्यासकट, तिनं त्याच्या हातात दिला.

घरी आल्यावर भूपालनं कुसुमाला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "शुक्रवारी मी दोन्ही हात फिरवले होते त्याच्यावरून. माझ्याही हाताला लागलं नाही."

"झाकलं होतं मी."

"तेच म्हणते. झाकलेलं तपासणाऱ्यालाही सापडत नाही. ते करणाऱ्यालाच ठाऊक असतं."

भूपालनं ते तुटकं बॉनेट मागच्या खोलीत, आत येणाऱ्याला पहिलंच दिसेल असं भिंतीला टांगलं. तुटका कोपरा दोऱ्यासकट त्याखाली. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, हे काय? भूपाल सांगायचा. लॅकरचं खोटं बोललो तेही सांगायचा. काहीजण ऐकून चहा न घेताच निघून जायचे. गावात काही दिवस त्याला 'दोरेवाला' म्हणून चिडवलं. टाक्यांची कामंसुद्धा थोडी कमी झाली. त्यानं काट्याशेजारी एक स्वच्छ फडकं ठेवलं. प्रत्येक भांड्यानंतर हातमोजे काढायचे, काटा पुसायचा, आकडा थांबेपर्यंत थांबायचं. पहिल्या पहिल्यांदा ते थांबणं त्याला फार जड गेलं. पाय आपोआप दाराकडं वळायचे, आणि भिंतीवरच्या बॉनेटकडं बघून परत यायचे.

तो सगळंच बिनचूक करायला लागला असं नाही. पुढं एका पट्टीत बुडबुडे राहिले, एका झाकणाची कड पातळ झाली. जिथं जे झालं तिथं तो लाल दोरा बांधायचा आणि माल पुढं ठेवायचा. "हे असं आहे. चालत असेल तर न्या." कुणी नेलं, कुणी ठेवलं.

मेहबूब थंडीभर आला नाही. शिमगा झाला, पाडवा झाला. उन्हं तापली आणि कुसुमाचे पापड यंदा गच्चीवर गेले. एक दिवस दुपारी तो दारात उभा राहिला. आत आला. भिंतीवरचं बॉनेट त्यानं बघितलं आणि नजर काढली. खोलीत मधोमध एक नवं काळं बॉनेट होतं, नाझनीनच्या गाडीच्या मापाचं. कुणी सांगितलेलं नव्हतं. भूपालनं ते आपल्याआपण केलं होतं, एक महिना घेऊन.

मेहबूब त्याच्याभोवती फिरला. पुढचा डावा कोपरा बघितला, उजवा बघितला, मागचे दोन्ही बघितले. खाली वाकून कडेखालूनही बघितलं.

"दोरा कुठाय?"

"नाही बांधलेला," भूपाल म्हणाला.

मेहबूबनं नख दाबलं नाही. ठोकून बघितलं नाही. त्यानं ते बॉनेट उचललं, डोक्यावर घेतलं, आणि दारातून बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "नाझला सांगतो, आलंय म्हणून."

त्याच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग मागांच्या खडखडाटात मिसळून गेला.

बऱ्याच वेळानं कुसुमा आत डोकावली. भूपाल भिंतीला टेकून खाली बसला होता.

"अहो, ते केव्हाचे गेले. तुम्ही बसलाय अजून?"

"हं," भूपाल म्हणाला. "चहा टाकत असलीस तर माझाही टाक."

तात्पर्य: घाईत राहिलेला दोष चकाकी देऊन झाकला, तरी तो जात नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी वाटेवर जाऊन थांबतो. म्हणून आपल्या कामातलं कच्चं आपणच दाखवावं. त्यात आजचा डाव हातचा जातो, पण ज्यानं आपला दोष दाखवताना मागंपुढं पाहिलं नाही, तो 'हे पक्कं आहे' म्हणाला की लोक त्याच्या शब्दावर आपली लेकरंसुद्धा सोपवतात.